ट्रॅक्टरची सोंड

हिवाळ्यात बंद दाराआड इंजिन चालू असल्याचा आवाज कानावर आला, की आजही मी आधी ते दार उघडायला लावतो. घरचे हसतात. निवृत्त झाले तरी यांची थानेदारी सुटत नाही, असं आमच्या सौभाग्यवती म्हणतात. हसोत बापडे. त्या गोठ्यात मी जे पाहिलं, ते त्यांनी पाहिलेलं नाही.

काळ ऐंशीच्या दशकातला. माझे वडील रेल्वेत. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले आणि आम्ही तिथलेच झालो. मी राजस्थान पोलिसात लागलो. घरात मराठी, ठाण्यात हिंदी आणि खेड्यात गेलं की तिथली ढूंढाडी बोली, अशी तीन भाषांची कसरत रोजची. या प्रकरणात तीच कामाला आली.

माझं ठाणं शहराच्या दक्षिणेला होतं. सीतापुऱ्याकडे तेव्हा कारखान्यांच्या चार शेड उभ्या राहिल्या होत्या, त्यापलीकडे मोहरीची शेतं. पौषातल्या एका सकाळी शहरात दूध घालणारा एक गवळी सायकल भिंतीला टेकवून आत आला. तो आमचा जुना खबऱ्या. म्हणाला, "साब, गावात एक तरणा माणूस मेला. बायकोनं चहातून जहर दिलं म्हणतायत. लाकडं रचून झाली आहेत. येणार असाल तर आत्ताच चला."

आम्ही पोचलो तेव्हा प्रेत उचलायच्या बेतात होते. मी ते थांबवलं आणि मर्ग दाखल केला. आपल्याकडे ज्याला अकस्मात मृत्यू म्हणतात, त्याला तिकडे मर्ग म्हणतात. पंचनाम्याला बसलो. मृत हा घरातला धाकटा भाऊ, तिशीच्या आतला. गोठ्यात कडबा कापायच्या यंत्राजवळ पडलेला सापडला. शेजारी पितळी पेला, त्यात अर्धा चहा. घरचा कारभार थोरल्या भावाकडे होता. तो ताठ बसून, तिकडे साहेबाला म्हणतात तसं मला 'हुकूम' म्हणत सांगत होता, "हुकूम, महिनाभर बाई वाटणी मागत होती. तिनंच चहा नेऊन दिला. चहा प्यायला आणि पडला." त्याच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली होती. शेकोटीत भाजलं म्हणाला.

बाईचा जबाब हेड कॉन्स्टेबलने तिथेच अंगणात घेतला. तिकडे सून थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही आणि पदरही वर करत नाही. ती हातभर घुंघट ओढून, तान्ही मुलगी कडेवर घेऊन भिंतीशी उभी. दीर समोर खाटेवर. ती एका म्हाताऱ्या चुलतसासूच्या कानात कुजबुजणार आणि चुलतसासूला जे सांगावंसं वाटेल ते आमच्या कागदावर येणार. असा तो जबाब! त्यात एवढंच आलं, की तिने चहा दिला तेव्हा नवरा डोकं जड झालंय म्हणत होता, आणि ट्रॅक्टर गोठ्यात उभा करून, गार वारा येऊ नये म्हणून दार ओढून घेऊन, त्याच्या पट्ट्यावर यंत्र चालवत होता. वीज गेली होती ना.

हे दुसरं वाक्य तिच्या गळ्याशी आलं. हेड कॉन्स्टेबल उठला, अंगणातल्या नव्याकोऱ्या ट्रॅक्टरपाशी गेला. समोरच्या बॉनेटवर उभा सायलेन्सर, त्याचं तोंड आकाशाकडे. गोठ्याचं दार त्याहून चांगलंच ठेंगणं. ट्रॅक्टर आत जाणंच शक्य नव्हतं. "साब, बाई साफ खोटं बोलतेय," तो म्हणाला. हाताच्या काकणाला आरसा कशाला? थोरल्याने लेखी तक्रार दिली, खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि शहरातून महिला कॉन्स्टेबल मागवून आम्ही त्या बाईला अटक केली. मुलगी अंगावर पिणारी, तीही आईबरोबर कोठडीत गेली. सासरी तिला ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

मला दोन गोष्टी खटकत होत्या. एक, शवविच्छेदन करणारा डॉक्टर म्हणाला होता, "थानेदारसाहेब, लोकांना वाटतं विषाने माणूस निळा पडतो. हा गुलाबी आहे. रक्तही फार लाल आहे. मी मत राखून ठेवतो." व्हिसेरा प्रयोगशाळेत गेला. तिथून उत्तर यायचं म्हणजे पुढचं पीक निघायचं. दुसरी गोष्ट त्या बाईची. चौकशीत ती रडायची नाही, शिव्याशाप द्यायची नाही. फिरून फिरून एकच विचारायची, "सूंड कठै गी?" सोंड कुठे गेली?

आमचा हेड कॉन्स्टेबल आमेरचा. त्याच्या गावात सकाळ-संध्याकाळ हत्ती परदेशी पाहुण्यांना पाठीवर घेऊन किल्ल्यावर चढतात. तो हसून म्हणाला, "हाथी की बात कर रही है, साब. सदमा लगा है. नाहीतर नाटक." मी तिला विचारलं, "कसली सोंड, बाई?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मीच वेडा आहे. घरातल्या वस्तूचं घरातलं नाव जगाला ठाऊक नसतं, हे त्या बिचारीच्या ध्यानातच येत नव्हतं. पुढे तिने बोलणंच सोडलं. न्यायालयीन कोठडीत रवानगी झाली. वकील द्यायला माहेरी कुणी नव्हतं, आणि पुरावा तिच्या विरुद्ध होता. फाशी नाही तर जन्मठेप, एवढाच प्रश्न उरला होता.

मग संक्रांत आली. त्या दिवशी जयपुरात प्रत्येक गच्चीवर पतंग असतात आणि रस्त्यावरून मान वर करून चालणाऱ्या पोरांना गाड्यांपासून वाचवणं हे पोलिसांचं काम. दुपारी सवड काढून मी रेल्वे कॉलनीत गेलो. तिथे मराठी मंडळींचा तिळगुळाचा कार्यक्रम असे. रेल्वेतली घरं, छावणीतली लष्करी कुटुंबं, सगळे जमायचे. पोरं "तिल गुड़ लो, मीठा बोलो" असं हिंदीत म्हणायची आणि आयांच्या टपल्या खायची.

तिथे नगर जिल्ह्याचा एक निवृत्त हवालदार यायचा. सैन्यात गाड्यांच्या दुरुस्तीत होता, आता एका ट्रॅक्टर एजन्सीत सर्व्हिसचं काम बघायचा. कुणाचा तरी शेतकरी मेहुणा दाराला अडणाऱ्या सायलेन्सरची तक्रार करत होता. हवालदार तिळगूळ चघळत म्हणाला, "त्यात काय! आमच्याकडं या, सोंड लावून देतो. गारंटीला धक्का नाय."

माझ्या हातातला लाडू तसाच राहिला.

मी त्याला बाजूला घेतलं. "सोंड म्हणजे काय हो?" तो खुशीत सांगू लागला. "उभा सायलेन्सर काढायचा आन् त्याच्याच बोल्टांवर बाकदार पाइप बसवायचा, खाली वळवून मागं नेलेला. मूळ मालाला करवत नाय, वेल्डिंग नाय. पाइपाचं भोक बारीक नको, नायतर इंजिनाचा दम कोंडतो. मूळ सायलेन्सर गोणपाटात गुंडाळून ठेवायचा, सर्व्हिसच्या दिवशी परत चढवायचा. नटावर एजन्सी पिवळ्या रंगाचं बोट लावती, तेवढं लावलं की झालं. मतलब, कंपनी आली तरी गाडी कोरी करकरीत. समदे कस्टमर सोंडच म्हणतात त्याला."

मी त्याला त्या गावाचं नाव सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "साहेब, आपल्या माणसाला तेवढं सांभाळून घ्या." हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय, की ऐकलं की माझं डोकंच फिरतं. आपला माणूस! ती कोठडीतली बाई कुणाची होती? मी म्हणालो, "आपलं माणूस म्हणूनच मराठीत विचारतोय. त्या सकाळी काय पाहिलंत?"

तो टोपी कुरवाळू लागला. मग बोलला. त्या सकाळी पहिल्या फुकट सर्व्हिसला तो त्याच घरी जायचा होता. गेला तेव्हा दारात माणसं जमलेली. सवयीने त्याने ट्रॅक्टरला हात लावला. इंजिन तापलेलं होतं आणि सायलेन्सर थंडगार. नटावरचा पिवळा रंग बोटाला लागला.

"म्हणजे सायलेन्सर नुकताच चढवला होता."

"व्हय."

"सोंड बसवून कुणी दिली होती?"

"म्या."

"आणि बाईला धरल्याचं कळलं तरी गप्प बसलात?"

"एजन्सीला कळलं असतं तर नोकरी गेली असती, साहेब. आन् मला वाटलं, असंल विषानंच."

असं वाटून घेणं फार सोपं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यात फाशी देणाऱ्यांइतकीच गर्दी गप्प बसणाऱ्यांची असते. त्याला मी चार शब्द सुनावले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

पंचांना घेऊन आम्ही गावात गेलो. सोंड भुशाच्या ढिगात सापडली, आतून काजळीने काळीकुट्ट. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून मी थोरल्याला एका शब्दाने विचारलं नाही. त्याला अंगणात बसवलं आणि हवालदाराला म्हणालो, "पंचांसमोर लावून दाखवा." त्याने सायलेन्सर उतरवला, सोंड बसवली, आणि ट्रॅक्टर त्या ठेंगण्या दारातून बिनबोभाट आत गेला. हेड कॉन्स्टेबलने मान खाली घातली. दार बंद केलं असतं तर धूर जाणार कुठे? यंत्रावर वाकलेल्या माणसाच्या छातीत. इंजिनाचा दम कोंडू नये म्हणून सगळ्यांनी काळजी घेतली होती.

ट्रॅक्टर बाहेर आणवला. "आता इंजिन चालू ठेवा, तापू द्या. मग सोंड काढून मूळचा सायलेन्सर चढवा." हवालदार कामाला लागला. तापलेले नट पान्याला दाद देईनात. हाताला चटके बसत होते, तो फडकी गुंडाळून पुन्हा भिडत होता. शेजारच्या घरात पंचांसाठी चहा टाकला, उकळला, आला, पिऊन झाला. हवालदाराचं काम चालूच होतं.

थोरला उकिडवा बसून बघत होता. त्याच्या तळहातांवर आता खपल्या धरल्या होत्या. मी त्या खपल्यांकडे पाहिलं आणि त्याने मला पाहताना पाहिलं. हात काखेत लपवून तो म्हणाला, "हुकूम, हे बंद करा."

मी बंद करवलं नाही. काम पूर्ण झालं, नटाला पिवळा रंग लागला, तेव्हा तो जमिनीवर हात आपटून रडू लागला. दार उघडलं तेव्हा धाकटा पडलेला होता. भोवळ आली असेल, उघड्या दाराने वारा लागला की उठेल, असं त्याला वाटलं. एजन्सीचा माणूस येण्यात होता. सोंड दिसली असती तर गारंटी गेली असती. त्याने ट्रॅक्टर बाहेर काढला आणि पाना हातात घेतला. काम संपवून आत गेला, तर भाऊ गार पडला होता. शेजारी चहाचा पेला होता. बायकोनं जहर दिलं, असं तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघालेला शब्द माघारी घेता आला नाही.

डॉक्टरने राखून ठेवलेल्या रक्ताची मी धुराच्या वायूसाठी मुद्दाम तपासणी करवून घेतली. अंगाचा गुलाबी रंग आणि लाल रक्त त्या वायूमुळेच, असा अहवाल आला, बाईवरचा गुन्हा मागे घेतला गेला. थोरल्यावर निष्काळजीपणाने मृत्यू, पुरावा नष्ट करणं आणि खोटी तक्रार अशी कलमं लागली. हवालदाराची नोकरी गेली आणि कोर्टात साक्ष द्यायला तो सुटाबुटात आला, त्याचं मला आजही नवल वाटतं.

सुटल्यावर ती बाई जप्त केलेला पितळी पेला न्यायला ठाण्यात आली. मुलगी कडेवरच होती. त्याच वेळी थोरल्याला कोर्टात नेण्यासाठी बाहेर काढत होते. दीर समोर दिसताच तिचा हात सवयीने पदराकडे गेला. मग तो मध्येच थांबला. तिने पदर मागे सारला, उघड्या तोंडाने त्याच्यासमोर उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"साँस चालै छी कांई?"

श्वास चालू होता का? तू पाना घेतलास, तेव्हा?

त्याने वर पाहिलं नाही. फक्त त्याची मान हलली. होय.

ती पेला पदराखाली घेऊन निघून गेली. मी तीस-बत्तीस वर्षं पोलिसात काढली, मारेकरी पाहिले, पण त्या एका मान हलवण्याइतकं भयंकर काही पाहिलं नाही. त्या माणसाचा भावावर राग नव्हता. वैर नव्हतं. तो फक्त आधी दुसरं काम उरकायला गेला.

तेव्हापासून कुठल्याही मृत्यूच्या तपासात, सगळ्यांत आधी तिथे पोचलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारत आलो: पाहिल्याबरोबर तू काय केलंस? पळालास, ओरडलास, पाणी आणलंस, की काही उचलून ठेवलंस? माणूस काय म्हणतो ते नंतर ऐकावं. त्याचा हात आधी कशाकडे गेला, ते बघावं.

काही वर्षांनी टोंक रस्त्याने जाताना मी त्या गावात डोकावलो होतो. बाई शेत स्वतः करत होती, मुलगी शाळेत जाऊ लागली होती. ट्रॅक्टर अंगणात उभा होता, उभ्या सायलेन्सरचा, कोराच दिसत होता. गोठ्यात कडबा कापायचं यंत्र जिथल्या तिथे होतं. गोठ्याला दार मात्र नव्हतं. बिजागऱ्यांसकट उखडून काढलं होतं.