पोळ्याचा बैल

बर्फावरचं स्केटिंग टीव्हीवर लागलं, की बीबी गावातले आमचे शेजारी आजोबा अडकित्ता घेऊन हजर. खेळाडूचा झगमगता ड्रेस दिसला, की सुपारी कातरत म्हणणार, "पोयाचा बैल सजवला हा! पयू द्या ना तिले!"

माझी मुलगी चाकांच्या स्केटिंग स्पर्धेला बुलढाण्याला निघाली. आमच्या घरात कॉलेज शिकलेली पहिली मी. लेक चारचौघींत उठून दिसावी म्हणून फ्रॉकला खालपर्यंत चंदेरी गोंडे मीच लावले होते.

"आजोबा, कशी दिसते?" तिनं विचारलं. मला धसका.

"राणीवानी दिसतं माय." मग ते वाकले आणि चाकात अडकेल असा एक लोंबता गोंडा अडकित्त्यानं कातरून त्यांनी खिशात टाकला.

पोळ्याला त्यांचा बैल नुसता धुतलेला होता. एका शिंगाला तेवढा चंदेरी गोंडा.