पांडूची कोंबडी माझ्या खुराड्यात

कम्युनिटीतल्या मित्रांनो, खुराडं मी स्वतः बांधलं. मोडक्या लूमची, म्हणजे यंत्रमागाची, लाकडं, बारीक जाळी, तेलाचा डबा कापून केलेलं पाण्याचं भांडं. बाहेरून आलेली कोंबडी आधी निराळी ठेवायची, म्हणून एक वेगळा पिंजराही केला.

मागच्या आठवड्यात माझा कामतघरचा दोस्त पांडू आपली कोंबडी ठेवून गेला. "गावाला चाललोय, सांभाळ. ठणठणीत हाय." त्याच्या शब्दावर मी तिला थेट माझ्या आठ कोंबड्यांत सोडलं.

आज आठही चोच उघडी टाकून श्वास घेतायत, घशात घरघर. औषध पाजायला पांडूच्या कोंबडीला धरलं, तर पंखाखालची पिसं बामाने चिकटलेली.

संध्याकाळी तो तिला न्यायला आला. विचारलं, "हिला आधीच सर्दी होती ना?"

"व्हती जराशी. माझ्या बाकीच्यांना लागू नये म्हणून तर तुझ्याकडं आणली. सांगितलं असतं तर तू घेतली न्हाय असतीस."

शाळेपासूनची दोस्ती आमची. अशा माणसाशी तुम्ही उद्या बोलाल का?

वर म्हणतो, औषधात पैसे घालू नको, मरायच्या आत हॉटेलवाल्याला देऊ. आठ कोंबड्यांचे सहाशे रुपये पांडू मला देत होता. मी नाही म्हटलं.