काकूंच्या डब्यातली मऊ कात

मंडळी, आम्ही अजून अंगणातच उभ्या आहोत.

वरसे गावात मी पर्स शिवते. सापाचं कातडं वापरत नाही, पण त्याने टाकलेली कात चामड्यावर चिकटवते.

आज शेजारच्या काकूंनी गंजका पत्र्याचा डबा आणला. "ही कात दिवाळीत धान्याच्या कणगीमागं गावली गो. तवापासून डबा उघडला नाय, झाकण जरा वाकडं बसतं."

सुकी कात चुरचुरते, ओल्या फडक्यात ठेवून मऊ करावी लागते. डबा उघडून वरची हातात घेतली तर आधीच मऊ, दमट.

"काकू, ही तर ताजी!"

काकू डब्यात डोकावल्या. आत वेटोळं केलेल्या फडक्यावर दुसरी कात होती, चुरचुरीत. "दिवाळीतली तर ही हाय गो!"

दोघी बाहेर पळालो. सर्पमित्राला फोन केला. त्याने विचारलं, "झाकण लावलंत ना?"

तुम्ही लावलं असतं?