चार ओहमचे दोन बॉक्स

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. मी झोपेत बडबडतो ते, घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतो ते. एवढं एक ठाऊक नाही. अकरा वर्षं झाली, हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ कशी टाळूला चिकटते, ते पुढे येईलच.

आधी माझं काम सांगतो. बोळिंजला माझं छोटं दुकान आहे. बेस गिटारच्या हेडला बॉक्स जुळवून देतो, बिघडलेलं दुरुस्त करतो. हेड म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र. बॉक्स म्हणजे स्पीकर बसवलेला लाकडी खोका. एका हेडला किती बॉक्स लावायचे, कुठले लावायचे, याला नियम आहे. प्रत्येक बॉक्सच्या पाठीवर आकडा असतो — आठ ओहम, चार ओहम. हेडच्या पाठीवरही असतो — कमीत कमी चार. आता गंमत बघा. आठचे दोन बॉक्स जोडले की सोळा होत नाहीत, चार होतात. चारचे दोन जोडले की दोन. बॉक्स वाढले की आकडा उतरतो, आणि आकडा उतरला की हेडवरचा भार चढतो. चारच्या खाली गेलात की हेड तापतं. मग जळतं.

सोसायट्यांमधली बँडवाली पोरं येतात. “भागूदादा, अजून एक बॉक्स ठोकला तर चालेल ना?” मी कागदावर काढून दाखवतो. पोरं म्हणतात, दादा किती सोपं करून सांगतो. सोपं करून सांगतो, कारण ते न कळल्याची किंमत मी बघितली आहे. मोजली मात्र दुसऱ्यानं.

मी बीडकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, मीही मागोमाग. शाळा पाचवीत सुटली. सुतारकाम शिकलो आणि फिरत फिरत बाविसाव्या वर्षी सांडोरला डॉमनिककाकांच्या कारखान्यात लागलो. काका लग्नांना साउंड द्यायचे, बॉक्स स्वतःच बनवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “शिकलायस किती?” मी म्हणालो, “दहावी.” का म्हणालो? कुणी मागितली होती दहावी? प्लाय कापायला दहावी कशाला लागते? पण मला सारखं वाटायचं, हे लोक आज ना उद्या मला परत पाठवतील. तसं कुणी कधी बोललं नाही. तरी वाटायचं.

पास्कूकाका डॉमनिककाकांचे शेजारी. केळीची वाडी, थोडा भाजीपाला, आणि तीस-पस्तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये बेस गिटार. घरात ते त्यांच्या बोलीत बोलायचे, मला निम्मं कळायचं नाही. माझ्याशी मात्र मुद्दाम सावकाश, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे. घरामागची खोली त्यांनीच मला दिली. मला कावीळ झाली तेव्हा काकींनी एकवीस दिवस पेज करून घातली. आणि पास्कूकाकांनी मला ऐकायला शिकवलं — हे कसं फेडू? मी नुसता सुतार होतो हो. ते म्हणाले, “भागू, बेस कानानं नाही ऐकायचा. हात ठेव.” माझा तळहात बॉक्सच्या बाजूला ठेवायला लावला आणि एकच तार छेडली. लाकूड आतून श्वास घेतल्यासारखं हललं. मी बनवलेलं लाकूड! त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण इथलेच.

त्यांचा आवाज मोठा होता. बोलण्याचा, हसण्याचा, चर्चमध्ये गाण्याचा. वाडीच्या त्या टोकाला हाक मारली तरी या टोकाला केळीवरचे बगळे उडायचे. हे लक्षात ठेवा.

डॉमनिककाकांनी मला ओहमचा नियम शिकवला होता — लपवत नाही. वाडीतल्या टाकीशी नेऊन शिकवला. “एक पाट उघडला तर पाणी इतकं जातं. दोन उघडले तर दुप्पट. पाटांना बरं वाटतं, पण टाकी लवकर रिकामी होते. हेड म्हणजे टाकी. कळलं?” आमच्या गावाकडे पाटच नव्हते, तर कळणार काय? आणि त्यांनी पाटीवर छेद देऊन मांडलेले ते अपूर्णांक — ते वर्गात यायच्या आधीच माझी शाळा सुटलेली. पण मी दहावी पास होतो ना! मी म्हणालो, “कळलं.” त्यांनी परत विचारलं, “नक्की?” मी म्हणालो, “हो काका, सोपंय.”

जवळच्या होळी गावात एक लग्न होतं. सकाळी चर्चमधला विधी, दुपारी वाडीत मांडव. त्याच दिवशी डॉमनिककाकांचं दुसरं काम होतं, ते तिकडे गेले. होळीचा साउंड लावायला मला पाठवलं. आठ ओहमचे बॉक्स त्यांनी नेले होते. माझ्याकडे चारचे दोन. जाताना बजावून गेले होते, “पास्कूच्या हेडला एकच लाव.” ते हेड पास्कूकाकांच्या धाकट्या भावाचं. भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्यानं परदेशातून आणलं होतं. भाऊ गेला, हेड राहिलं. काका ते दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचे नाहीत. मला द्यायचे.

मांडव लांब होता. मागच्या टेबलांवरची माणसं ओरडायला लागली, “बेस कुठंय, बेस? पास्कू, जेवलास नाय का?” सगळे हसले, काकाही हसले. मला कसंतरी झालं. मी दुसरा बॉक्स मागच्या बाजूला नेऊन ठेवला, लांब वायर ओढली आणि हेडच्या मागच्या दुसऱ्या भोकात घातली. मनात हिशेब केला — चार आणि चार आठ. हेडला कमीत कमी चार हवेत, आपण आठ दिले. चांगलंच आहे की!

पाऊण तास मस्त वाजलं. नवरा-नवरी नाचायला उतरले, आणि बेस गेला. जळक्या वार्निशचा वास आला, हेडच्या जाळीतून धूर. काकांची बोटं अजून तारांवर चालत होती, आवाज काही येत नव्हता. मग त्यांनी वाकून आवाजाचं बटण शून्यावर आणलं. जुनी सवय — आवाज अचानक परत आला तर दणका बसू नये म्हणून.

मी हेडमागे गेलो. काय चुकलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, खरंच नव्हतं. पण हाताला माहीत असावं. त्यानं दुसऱ्या बॉक्सची वायर उपसली आणि वेटोळी करून स्टेजखाली ढकलली.

चूक मी कधीच माफ करून टाकली आहे स्वतःला, बेरीज चुकली म्हणून. हात वायरकडे गेला, तेही एक वेळ समजू शकतो — घाबरला. पण निरोप मिळून डॉमनिककाका आले आणि त्यांनी मला बाजूला घेऊन अगदी हळू विचारलं, “दोन्ही जोडले होतेस?” रागावले नव्हते. हो म्हटलं असतं तर काय केलं असतं त्यांनी? एक शिवी दिली असती आणि परत टाकीपाशी नेलं असतं. मी म्हणालो, “नाही काका, एकच. दुसरा नुसता ठेवलेला.”

ते हेडकडे वळले. “एका बॉक्सवर जळायला याला काय झालं? पास्कू, बटण कितीवर होतं तुझं?”

“अर्ध्यावर असेल,” पास्कूकाका म्हणाले. मग थांबले. “मला वाटतं अर्ध्यावर.”

बँडमधला एक तरुण गिटारवाला होता, त्याला गप्प बसवेना. “अंकल, तुमचं अर्धं म्हणजे आमचं फुल्ल! कान चेक करा आता.” मांडव हसला. दुसरा कुणी म्हणाला, घरात पण असाच ओरडतो तो, बगळे टिकत नाय वाडीत. पुन्हा हशा. काकाही हसले — पण हसता हसता त्यांनी उजवा हात कानाला लावला. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

त्या दिवसापासून ते हळू बोलू लागले. बोलता बोलता मध्येच थांबून विचारतात, “मोठ्यानं बोललो का रे?” चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेत गेले, मग गायचेच थांबले. बँड सोडला. कुणी काढलं नाही त्यांना. स्वतःच म्हणाले, ऐकू न येणाऱ्यानं वाजवू नये. गिटार पुतण्याला देऊन टाकली.

आणि जळलेलं हेड मला दिलं.

“शीक याच्यावर,” म्हणाले. “तुझा हात चांगला आहे.”

कल्पना करा. मी ते उघडलं, दोन वर्षं उघडत राहिलो. डॉमनिककाकांना शेवटी सांगितलं की दहावी खोटी होती; ते म्हणाले, “ते मला पहिल्याच दिवशी कळलं, बिलावर सही करताना जीभ बाहेर काढतोस तू.” रोज संध्याकाळी त्यांनी मला अपूर्णांक शिकवले. आणि एका संध्याकाळी, पाटीवरच, चार आणि चारचे दोन झाले. मी पाटीकडे बघत बसलो. काका म्हणाले, “बघ, जमलं की!” त्यांना वाटलं, मी आनंदानं गप्प आहे.

हेड दुरुस्त झालं. मी ते पास्कूकाकांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं, बॉक्स जोडला, एकच. पुतण्याकडून गिटारही मागून आणली होती. म्हणालो, वाजवा ना काका. त्यांनी हेडवरून हात फिरवला, भावाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. म्हणाले, “नको रे. पुन्हा जाळीन.”

तेव्हा सांगायला हवं होतं. ओट्यावर तिसरं कुणी नव्हतं. मी काय म्हणालो? म्हणालो, “बरं काका.”

आज माझं दुकान त्या हेडवर उभं आहे. माझं लग्न त्यांच्याच ओट्यावरून झालं, मुलीच्या बारशाला पाळणा त्यांनी दिला. त्यांचे उपकार मी ज्याला त्याला सांगत असतो, सांगताना डोळे भरून येतात, ते खोटं नाही. पण उपकार सांगायला धीर लागत नाही. उपकाराचं बोलून बोलून मी ते दुसरं झाकत आलो. परवा मुलीनं त्यांना विचारलं, “आजोबा, तुम्ही कानात सांगितल्यासारखं का बोलता?” ते हसले. म्हणाले, “आजोबाला कमी ऐकू येतं ना बाळा, मग अंदाज राहत नाही.” तिनं ते खरं मानलं. माझ्या मुलीनंही.

उद्या रविवार. चर्चमधून ते थेट वाडीत जातात. मी तिथे जाणार आहे. लांबड लावली की मी पळवाट काढतो, म्हणून काय बोलायचं ते इथेच लिहून ठेवतो. एवढंच आहे.

काका, होळीच्या लग्नात दुसरा बॉक्स मी जोडला होता. तुमचं बटण अर्ध्यावर होतं. मी बघितलं होतं. तुम्हाला बरोबर ऐकू येत होतं.