आठ वाजताची डबी

उत्तम गेल्याची बातमी मला दुपारी कळली, अन् ती बी त्याच्या भांडेवाल्या बाईकडून. गल्ली ओलांडली की त्याचं घर. मी सकाळधरून ओट्यावर बसून हसायलो होतो... कशापायी, ते सांगतो. मी तिसरीतून पळालेला माणूस. म्हणून मी बोलायलोय अन् सून लिहायलीय.

ताडकळसच्या शाळंत आमी एका बाकावर. तो शिकत शिकत मुंबईला गेला, अणुभट्टीत लागला. मी गावभर सांगितलं, "आपला उत्तम विटा भाजायलाय." सुट्टीत आला तवा त्यानं समजावलं. ही भट्टी शोध लावायची. तपासायचा नमुना डबीत घालायचा, हवेच्या जोरानं नळीतून भट्टीत धाडायचा, मोजून तेवढा वेळ ठिवायचा, परत आणायचा. आधी दर डबीमागं माणूस लागायचा. उत्तमनं अख्खी नोकरी घालून ते काम मशीनच्या हवाली केलं. म्हणायचा, "गणपत, माणूस जितका लांब, तितका सलामत." मी म्हणलं, "मी जलमभर कामापासून लांब हाय, म्हणूनच लेका एवढा धडधाकट!"

रिटायर होऊन तो गावात आला. वहिनी पोरीकडं पुण्याला. त्याला करमंना. घर झाडायच्या मशीनची मोटार काढली, शेतातला पाइप गल्लीवरून टाकला, त्याच्या खोलीतून थेट माझ्या ओट्यावर. सकाळी आठला डबी आपोआप यायची, दोन मिनिटं थांबायची, आपोआप जायची. बटनाला बी हात लावायचं काम न्हाई. आतलं सुपारीचं खांड तेवढं तो हातानं घालायचा. सुपारी तोंडात टाकून मी डबीत काय बी भरायचो. एकदा शेळीच्या लेंड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी डबी रिकामी! पलीकडून वरडला, "आज तुझी सुपारी बंद, गाढवा!"

तो गेला त्याच्या आदल्या दिवशी मी मेलेलं झुरळ धाडलं. दुसऱ्या सकाळी डबी आली, रिकामी. म्हणलं, रुसला म्हातारा. वरडणं काही आलं न्हाई, तरी मी हसतच बसलो. वीस पावलांवर दार... गेलो न्हाई. दुपारी बाईला तो पडलेला घावला, तरी त्याला परभणीला नेलं. तिथला डॉक्टर म्हणला, "सकाळीच आणलं असतं तर..." सगळ्या गावाला हसवणारा मी, त्या 'तर'वर मला एक बी जोक सुचला न्हाई.

महिना झाला. वहिनी फोनवर म्हणल्या, "भाऊजी, ती मशीन बंद करा आता." त्याच्या घराची चावी माझ्यापाशीच हाय. "करतो," म्हणलं. आजून केली न्हाई. आठला डबी येती. तेराव्यानंतर मीच तिच्यात एक खांड घातलं, माफी म्हणून. दोन मिनिटं थांबून डबी गेली. आता रोज येती, मी झाकण उघडतो... खांड तसंच असतं. उत्तमनं हात लावलेला नसतो.