देवाच्या बोकडाचा भाव

बाजारात बोकडाचा भाव तोंडाने होत नाही, बोटांनी होतो. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा ठरवतात. शेजारी उभा असलेल्याला काही कळत नाही. मी या धंद्यात उतरले तेव्हा पहिली अडचण हीच आली. परक्या पुरुषाच्या हातात हात देऊन मी कशी बसणार? आणि मी बसले असते तरी ते बसू देणार नव्हते. आर्णीच्या बाजारात एका बेपाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, तू घरी जा अन् घरच्या माणसाले पाठव."

"घरचा माणूस मातीत आहे," मी म्हटलं. "त्याले उठवून आण, मग मी घरी जाते."

म्हणून मी तोंडाने भाव केला. मोठ्याने, चार माणसांना ऐकू जाईल असा. त्यामुळे झालं काय, की खेड्यातून एकच बकरी घेऊन आलेल्या माणसालाही खरा भाव कळायला लागला. दलाल वैतागले. "त्या बाईच्या बाजूले उभं राहू नका, भाव फुटते," असं ते एकमेकांना सांगत. आजही सांगतात. मला ते ऐकून बरं वाटतं. माझं डोकं लवकर तापतं, जिभेला हाड नाही, हे सगळं खरं. पण पत्र्याच्या खोलीचं स्लॅबचं घर मी त्याच जिभेवर केलं, मुलगी त्याच जिभेवर नर्स झाली, आणि दारात जी पिकअप उभी आहे तिचा शेवटचा हप्ताही मीच भरला.

आता मूळ गोष्ट. माझी पहिली बकरी मी विकत घेतलेली नव्हती. ती मला आमच्या चर्चच्या मंडळीने दिली होती.

नवरा राजूरहून कोळसा वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तो अपघातात गेला आणि मी कडेवरच्या पोरीला घेऊन माहेरच्या गावी परत आले. आमचं चर्च लहान आहे. दरवर्षी कापणीचा सण झाला की त्या दिवशी जमलेल्या पैशातून एखाद्या अडलेल्या घराला मदत करतात. त्या वर्षी चर्चच्या पंचांनी मला बकरी द्यायचं ठरवलं. उपासना झाल्यावर सगळ्या मंडळीसमोर थोरल्या पंचांनी दोरी माझ्या हातात दिली, प्रार्थना केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून दोरी घेतली. त्या बकरीचे उपकार मी कधी नाकारले नाहीत, पुढेही नाकारणार नाही.

पण थोरल्या पंचांनी ती बकरी मला एकदा दिली आणि त्यानंतर इतकी वर्षं रोज देत राहिले. पिकअप आणली, पाळकसाहेब प्रार्थनेला आले, तर हे जमलेल्या पाहुण्यांना म्हणतात, "आमच्या एका बकरीची गाडी झाली बरं!" घर बांधलं तेव्हा म्हणाले, "आमची बकरी स्लॅबवर चढली." पोरीच्या साखरपुड्याला मुलाकडच्या माणसांसमोर तेच. लोक हसतात. माणूस वाईट नाही. त्या वेळी पंचांत दोघे नको म्हणत होते आणि यांनीच माझी बाजू घेतली, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर उलटून बोलता येत नव्हतं. बकरी मंडळीने दिली, कबूल. पण बाजार मला कोणी दिला? थंडीत गावोगाव फिरले, दलालांच्या शिव्या खाल्ल्या, आजारी जनावरांपाशी बसून राहिले, ते त्या बकरीच्या दोरीला बांधून आलं होतं काय?

मी चर्चला कमाईचा दहावा हिस्सा, दशांश देते, तो आपला ठरलेला असतो. त्याशिवाय वर्षाचं पहिलं जे नर पिल्लू होईल ते मी देवाचं म्हणून वेगळं धरते आणि वाढवून पुढच्या वर्षीच्या कापणीच्या सणाला चर्चला देते. त्याच्या गळ्यात काही बांधत नाही, अंगावर खूण करत नाही. कितीही गिऱ्हाईक आलं तरी ते विकायला निघत नाही. बाजारातले लोक विचारतात, "कोणत्या देवाचं, मावशी? कधी कापायचं?"

"माह्या देवानं स्वतःचाच बळी देऊन तो हिशेब आधीच चुकता केला," मी सांगते. "हे असंच. खुशीचं."

यंदा द्यायचं बोकड मात्र काही वेगळंच निघालं. काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा, दोन दाती म्हणजे पुरतं वयात आलेलं, आणि पाठ अशी रुंद की पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा. मी हजारो जनावरं हाताखालून घातली असतील, पण जनावराच्या कमरेवर हात ठेवल्यावर स्वतःलाच हसू यावं असं हे पहिलंच. बकरी ईदच्या आधी पुसदचे एक जुने बेपारी आले. मी त्यांना चाचा म्हणते. ते दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा आले तेव्हा नोटांचा गठ्ठाच खाटेवर ठेवला. किती होता ते सांगणार नाही. भाव मी तोंडाने करते, छापून ठेवत नाही.

"चाचा, हे देवाचं आहे."

"अरे बेटी, मग पैसा देवाले दे. त्याले बोकड घेऊन काय करायचं आहे?"

बोलणं बरोबर होतं. सणाला चर्चमध्ये दानाच्या वस्तूंचा लिलाव होतो, त्यात तेवढा पैसा येणार नाही, हे मलाही दिसत होतं. तरी मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते बोकड चर्चच्या आवारात चालत गेलेलं पाहायचं होतं. लोकांनी पाहावं, की अडलेलं घर म्हणून जिच्या हातात दोरी दिली होती ती काय घेऊन आली आहे. याला कोणी गर्व म्हणेल. म्हणू देत. उरलंसुरलं घेऊन देवाकडे जाणाऱ्यांपेक्षा माझा गर्व बरा.

सणाच्या रविवारी वेदीच्या पायऱ्यांवर कोहळी, तुरीच्या शेंगा, पहिल्या वेच्याचा कापूस, सोयाबीनने भरलेले कट्टे, वांगी, अंडी, कोणाची कोंबडी, कोणाचा केळीचा घड असं सगळं मांडलेलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस बांधला होता. माझं बोकड बाहेर कडुलिंबाला बांधलं होतं आणि पोरंटोरं त्याच्याभोवती जमली होती. आताचे पाळकसाहेब नवे आहेत, तरुण आहेत. त्यांनी उपदेश चांगला केला. आपल्याजवळ जे आहे त्याचे आपण मालक नाही, कारभारी आहोत. मालक एक दिवस येऊन विचारणार, माझ्या मालाचं काय केलं? मी ते नीट ऐकलं. धंद्यातली गोष्ट होती.

मग झाडाखाली लिलाव. आमच्या इथल्या लिलावाची रीत बाजाराच्या उलटी आहे. वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त बोली लावायची, कारण पैसा देवाच्या कामाला जातो. घेणाऱ्याला वाटलं तर वस्तू परत द्यायची, ती पुन्हा लिलावात निघते. माझ्या लहानपणी एकच अंडं इतक्या वेळा फिरलं होतं की शेवटी ज्याच्या हाती आलं तो म्हणाला, आता यातून पिल्लू निघते वाटते! अलीकडे मात्र लोकांना सवय लागली होती की चर्चमध्ये स्वस्त मिळतं. लिलाव थोरले पंच पुकारायचे. त्यांच्या घरच्या माणसाने बोली लावली की त्यावर कोणी बोलायचं नाही, असा एक न लिहिलेला कायदा झाला होता. आणि ज्याने वस्तू दिली त्याने तिच्यावर बोली लावायची नाही, ही रीत तर जुनीच.

बोकड पुढे आणलं. थोरल्या पंचांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"हे पाहा, हे आपल्याच बकरीच्या वंशातलं. आपलीच बकरी, आपल्याच दावणीले परत आली. बोला, कोण बोलते?"

लोक हसले. त्यांच्या पुतण्याने एक आकडा सांगितला. चाचाच्या आकड्याच्या निम्मासुद्धा नव्हता. थोरल्या पंचांच्या नातवाचं लग्न आठवड्यावर आलं होतं, जेवणाला बोकड लागणार होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कोणी तोंड उघडेना.

"एक," थोरले पंच म्हणाले. "दोन..."

मी बायकांच्या सतरंजीवरून उठले.

"थांबा, भाऊ. हा भाव कोंबडीचा झाला. आता बोकडाचा बोला."

"बाई, तू देऊन टाकलं ना?" ते म्हणाले. "देवाले दिलं. मग आता तुहा काय हक्क त्याच्यावर?"

प्रश्न चोख होता. दिल्यावर दोरी सोडायची असते, हे मीही लहानपणापासून शिकले आहे. पण समोर पाळकसाहेब दिसले.

"हक्क नाही म्हणूनच बोलून राह्यली," मी म्हटलं. "माहं असतं त् पडत्या भावात सोडलं असतं, नुकसान माहं. हे मालकाचं आहे. पाळकसाहेब आत्ताच म्हणाले ना, आपण कारभारी? मालकाचा माल अर्ध्या भावात गेला त् कारभाऱ्यानं त्याले तोंड काय दाखवावं?"

सगळे पाळकसाहेबांकडे पाहायला लागले. ते खाकरले. "म्हणालो, हे खरं आहे," एवढंच बोलले.

"चर्चले तू बाजार समजून राह्यली," थोरले पंच तापले.

"बाजारात त् भाव होते, भाऊ. इथं होऊन नाही राह्यला, तेच त् दुःख आहे!"

मी जाऊन दोरी हातात घेतली आणि बोकड गोल फिरवलं. जे आयुष्यभर बाजारात केलं तेच केलं, फक्त खिसा माझा नव्हता. वीज मंडळातल्या एकाला म्हटलं, "काहून दादा, नवीन बुलेट घ्यायले पैसे होते, देवासाठी बोट वर होत नाही?" त्याने बोट वर केलं. एका वहिनींना म्हटलं, "वहिनी, माह्याजवळ आल्या की तुम्ही पाच रुपयांसाठी माहं डोकं खाता. आज उलटं करून दाखवा!" त्यांनी हसत हसत बोली लावली, मग त्यांच्या जावेने त्याहून वरची. बघता बघता चाचाचा आकडा मागे पडला. लोकांना मजा यायला लागली. कितीतरी वर्षांनी त्या झाडाखाली माणसं देण्यासाठी भांडत होती.

शेवटी थोरल्या पंचांनी पुतण्याला मागे सारलं आणि स्वतः बोली लावली. अशी लावली की पुढे कोणी बोलूच नये. तीनदा मीच पुकारलं. दोरी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "घ्या, भाऊ. आता खरं तुमचं झालं."

त्यांनी पैसे त्याच दिवशी मोजून दिले. शब्दाचा माणूस आहे. नातवाच्या लग्नाचं मला बोलावणं आलं, मी गेले. मटण चांगलं झालं होतं. पंगतीत ते पाहुण्यांना सांगत होते, "हे बोकड मले लय महाग पडलं." आमची बकरी हे शब्द त्या दिवशी आले नाहीत.

पुढच्या महिन्यात पंचांनी मला बैठकीला बोलावलं. पहिल्यांदाच. मंडळीतली एक तरुण बाई नवऱ्याने टाकल्यामुळे माहेरी आली होती, तिला सणाच्या पैशातून बकरी द्यायची होती आणि ती मी निवडून द्यावी, असं ठरलं होतं.

"निवडते," मी म्हटलं. "पण चर्चमध्ये दोरी द्यायची नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत."

"लोकांले कळलं पाहिजे ना पैसा कुठं गेला," थोरले पंच म्हणाले.

"पैसा लिहून ठेवा. तिले कायले उभं करता?"

"तुले दिली तव्हा टाळ्या वाजल्या होत्या. तुले काय झालं?"

"त्या टाळ्या अजून वाजून राह्यल्या, भाऊ."

मी हे मोठ्याने म्हटलं नाही. माझ्या आयुष्यात मी हळू बोललेलं हेच एक वाक्य असेल. त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "बरं." चुकलं असं म्हणाले नाहीत. मी त्याची वाट पाहत नाही असं लोकांना सांगते. पाहते.

बकरी मी चांगली गाभण पाहून निवडली आणि भर दुपारी, गाव शेतात असताना, तिच्या अंगणात नेली. पोरगी मान खाली घालून पुढे आली. मला तशी मान चांगली ओळखू येते.

"वर पाहा," मी म्हटलं. "ही बकरी कोणाची?"

"मंडळीची."

"चूक."

"मावशी, तुमची."

"अजून चूक."

ती घाबरली. "मग देवाची?"

"ते खरं. पण तो काही चारा टाकायले येणार नाही. कोणाची?"

तिने बकरीची दोरी हातात घेतली. "माही," ती म्हणाली.

"मोठ्यानं बोल. बाजारात असं बोलशील त् दलाल तुले खाऊन टाकतील."

"माही!" ती ओरडली आणि आपल्याच आवाजाने हसली.

मग मी खाटेवर बसले, तिला शेजारी बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि वरून माझा पदर टाकला. बेपाऱ्यांची ही बोटांची भाषा मी वर्षानुवर्षं त्यांच्या खांद्यांकडे आणि मनगटांकडे पाहून शिकले होते, पण ती बोलायला मला कोणाचा हात मिळाला नव्हता. बोटांचे आकडे तिला समजावले, मग गिऱ्हाईक होऊन पदराखाली तिची बोटं दाबून बकरीचा एक आकडा सांगितला. तिने विचार केला आणि माझी बोटं उलट दाबली. माझ्याहून जास्त सांगितला होता.

पोरगी धंदा करणार.