बाई डावीकडे सरकल्या

काकांच्या हॉलमध्ये खुर्ची एकच होती, वेताची, आणि तिच्या चारही पायांसाठी फरशीवर खडूच्या खुणा होत्या. काकू केर काढताना खुर्ची हलवायच्या, परत खुणांवर ठेवायच्या, पण तोंड चालू असायचं. "पाहुण्यांना टेकायला जागा नाही या घरात, आणि या दोन खोक्यांना भिंतीपासून लांब ऐसपैस उभं करायचं. मला पण आखून द्या एकदा, कुठं उभी राहू ते."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट, वाशीतल्या एका सोसायटीतली. मी तुर्भ्याच्या एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायचं काम करत होतो. शाळा आठवीत सुटलेली, गाव नांदेडच्या पलीकडं, इथं ओळखीचं म्हणावं असं कुणी नाही. काका नोकरीतून निवृत्त झालेले. घरी बनवलेल्या ॲम्प्लिफायरसाठी ट्रान्सफॉर्मर करून घ्यायला आमच्याकडं आले, आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिलो की हा गुणगुणायला लागला तर तुमी रागवणार नाही ना. माझा स्वभावच तसा, काही बिघडायच्या आधीच घाबरायचा. मी कारखान्यातच झोपतो हे कळल्यावर ते मला घरी घेऊन आले आणि बंद करून घेतलेली बाल्कनी मला दिली. रक्ताच्या माणसांनीही एवढं केलं नसतं.

आमच्याकडं गाणं म्हणजे लिंबाला बांधलेला कर्णा. लांबून ऐकलं तर गाणं, जवळून ऐकलं तर भांडण. काकांनी मला पहिल्यांदा त्या खुर्चीत बसवलं आणि रेकॉर्ड लावली तेव्हा एक बाई समोर येऊन गायला लागल्या. स्पीकरची खोकी दोन बाजूंना होती, बाई मधोमध, जिथं नुसती भिंत आणि कॅलेंडर. मी उठलो आणि पडद्यामागं जाऊन तिसरं खोकं शोधलं. काका हसता हसता खोकायला लागले.

"तिथं काही नाही रे. दोन्ही खोकी सारखीच गातात, दोन्ही कानांवर सारखंच पडतं, मग आपलं डोकंच तिला मध्ये उभं करतं."

पुढं त्यांनी मला ऐकायला शिकवलं. नव्या फ्लॅटच्या कोऱ्या भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून मागच्या भिंतीला काकूंची जाड सतरंजी टांगलेली होती. खोकी जरा आत वळवलेली, दोघी जावा बोलायला बसल्यासारखी. काका म्हणायचे, "आवाज स्वच्छ असून भागत नाही. माणूस खोलीत आलं पाहिजे. ते आलं की आपण रडतो. नुसत्या आवाजाला कोण रडतं?" बाई गाण्याआधी श्वास घ्यायच्या. तो श्वास ऐकू आला की काका डोळे मिटायचे, आणि मग काकूसुद्धा कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायच्या. त्या माणसाला दिवसभरात दुसरं काही नको होतं.

एका सकाळी ते म्हणाले, "बाई डावीकडे सरकल्यात."

मी खुर्चीत बसून ऐकलं. मला मध्येच दिसत होत्या. तसं सांगितलं.

"तुझे कान अजून कच्चे आहेत," काका म्हणाले. रागानं नाही, समजावल्यासारखं. मलाही ते पटलं. मला ऐकायला शिकवलं कुणी, तर त्यांनी.

उजवं खोकं मेलंय असं त्यांचं मत होतं. मग आमचं सुरू झालं. सुई बदलली, वायरींच्या पिना खोडरबरानं घासल्या. काका जाड वायर घेऊन आले, मी ती सोल्डर केली. मागच्या तारांची अदलाबदल केली, मग खोक्यांचीच अदलाबदल केली. बाई डावीकडेच. काका म्हणाले, म्हणजे खोलीचा दोष. सतरंजी काढली, लावली, दुसऱ्या भिंतीला लावली. कारखान्यातून आलो की मी त्यांच्या हाताखाली. आठवडे असेच गेले. काका जेवायला बसले तरी मान जरा वाकडी करून उजव्या खोक्याकडं बघत बसायचे.

"फोनसुद्धा हल्ली डाव्या कानाला लावता," काकू एकदा म्हणाल्या.

"हात दुखतो उजवा."

"खोकी उचलून उचलून दुखणारच."

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

एका रविवारी खुर्ची कुठं ठेवायची तेच काकांना सुचेना. काकू वैतागून म्हणाल्या, "आता बाईंकडं पाठ करून बसा. रुसलेले बघून तरी मध्ये येतील."

काकांना गंमत वाटली. मी खुर्ची खुणांवरून उचलून उलटी फिरवली. ते खोक्यांकडं पाठ करून बसले, मी सुई ठेवली.

"आल्या का?" काकूंनी विचारलं.

काकांनी डावा हात वर केला आणि त्यांच्या डावीकडं दाखवलं. अजून हसतच होते. मी त्यांच्या हाताच्या रोखानं बघितलं. आता त्या बाजूला तेच उजवं खोकं होतं, जे इतके दिवस मेलंय म्हणत होते. त्यांनीही मान वळवून बघितलं. त्यांच्या तोंडावरचं हसू कुणी काढून घ्यायला विसरल्यासारखं तसंच राहिलं. मग त्यांनी तळहातानं डावा कान झाकला. रेकॉर्ड चालू होती, बाई चढ्या सुरात होत्या. काकांनी हात काढला, परत ठेवला, मग उठून त्यांनी स्वतःच सुई उचलली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. उजव्या कानाची नस गेली होती. लगेच आला असतात तर औषधाचा कदाचित उपयोग झाला असता, ते म्हणाले. इतके दिवस काय करत होता?

"आम्ही वायर बदलत होतो," काका म्हणाले.

परतताना रिक्षात काकू तोंडाला पदर लावून बसल्या. मी काकांच्या उजव्या बाजूला होतो. मी म्हणालो, काका, होईल काहीतरी. त्यांना ऐकू गेलं नाही. मला ते पुन्हा मोठ्यानं म्हणवलं नाही. तेव्हापासून रोज उठल्यावर मी दोन्ही कानांपाशी बोटं चोळून बघतो.

मी दोन्ही बाजूंचा आवाज एका खोक्यात आणून ते त्यांच्या डाव्या हाताला ठेवून दिलं. काकांनी रेकॉर्डची पूर्ण बाजू ऐकली. माझं मन राखायला म्हणाले, "शब्द छान कळतात." जरा वेळानं म्हणाले, "बातम्यांना चांगलं आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोकं जागेवर ठेवायला सांगितलं.

मग ते मला खुर्चीत बसवायला लागले. स्वतः शेजारी काकूंच्या शिवणाच्या मशीनच्या स्टुलावर. "सांग," म्हणायचे. मी सांगायचो: बाई मध्ये, जरा मागं. तबला उजवीकडं. पेटी डावीकडं, खाली बसल्यासारखी. मला शब्द थोडे. ते काकांच्या चेहऱ्याकडं बघून मी जपून वापरायचो, एखादा चुकला तर बाई तिथून जातील अशी भीती वाटायची. काका डोळे मिटून मान हलवायचे. कधी म्हणायचे, "सारंगी राहिली तुझी." त्यांना सगळे कुठं बसलेत ते पाठ होतं.

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा त्यांनी मध्येच विचारलं, "श्वास घेतला?"

"घेतला."

"कधी?"

"आत्ता. तुमी विचारत होता तेव्हा."

काकांनी डोळे उघडले. थोड्या वेळानं म्हणाले, "तू सांगतोस ते बरोबरच असेल रे. पण मला ती दिसत नाही." उठून स्वयंपाकघरात गेले. काकूंना म्हणाले, "मटार सोलायचेत का? आण इकडं."

काकू काहीतरी टोमणा मारतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी नुसतं ताट सरकवलं.

बाई माझ्यासमोर मधोमध उभ्या राहून गात होत्या, कधी नव्हे इतक्या स्पष्ट, आणि मला फक्त शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. गाणं थांबव असं काही काका म्हणाले नव्हते. म्हणून ती बाजू संपेपर्यंत मी त्यांच्या खुर्चीत बसून राहिलो.